हंसाच्या पाठीतलं पाणी

साताऱ्यात परतल्यावर ज्यानं त्यानं मला दोनच प्रश्न विचारले. पेढे आणलेस का, आणि काय काय पाहिलंस. पेढे आणले होते. काय पाहिलं ते सांगायला लागले की मात्र समोरच्याचा पेढा तोंडातच राहायचा. कारण हुबळी-धारवाडच्या मुक्कामात मी पाहिले ते पाण्याच्या पिंपांचे तळ, फ्रिजच्या मागचे ट्रे, कुंड्यांखालच्या बशा आणि एका गच्चीवर भिजत उभे असलेले हंस. उणकलचा तलाव पाहिला तो जीपच्या धुकट काचेतून. तोही 'तो बघ तलाव' असं कोणी म्हटलं म्हणून.

मुलींच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाल्यावर कुठं तरी जाऊन यावं असं मनात होतं, तेवढ्यात मावसबहीण उषाचा फोन आला. ये, आपण दांडेलीला जाऊ, अळणावरच्या बाजूची जंगलं पाहू, पावसात ती फार छान दिसतात. उषा लहानपणापासून धारवाडची. प्राणिशास्त्र शिकून आरोग्य खात्यात लागली आणि गेली कित्येक वर्षं डासांचा माग काढते आहे. तिच्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, ते तिच्या घरातही कोणाला पाठ नाही. हुबळीत तिला 'सोळ्ळे मॅडम' म्हणतात. सोळ्ळे म्हणजे डास.

देशपांडे नगर

हुबळीच्या स्टेशनचा फलाट इतका लांब आहे की गाडीतून उतरून बाहेर पडेपर्यंत आणखी एक छोटा प्रवास होतो. त्या प्रवासाच्या शेवटी उषा उभी होती. मला वाटलं, मिठी मारेल. ती खाली वाकली आणि माझ्या घोट्यावर फटकन चापट मारून तळहात माझ्यापुढं धरला.

"पट्टेवाला आहे बघ. पायांवर पांढरे पट्टे. दिवसा चावतो."

आषाढ चालू होता आणि डेंग्यूची साथ आली होती. दांडेली रद्द झाल्याचं तिनं रिक्षात बसता बसता सांगितलं. कमरीपेठेतल्या एका बोळात तापाचे रोगी निघत होते, ते थांबेपर्यंत तिला हलता येणार नव्हतं. मी म्हटलं, मग मीही येते तुझ्याबरोबर बोळात. ती म्हणाली, तू पाहुणी आहेस. मी म्हटलं, डासाचं जीवनचक्र मी जन्मभर फळ्यावर काढलं, आता एकदा खरं तरी बघू दे.

तिचा नवरा श्रीकांत धारवाडच्या कोर्टात वकील आहे. देशपांडे नगरातल्या त्यांच्या घरी जेवताना त्यानं माझ्या ताटात ज्वारीची रोट्टी वाढली. ती आपल्या भाकरीपेक्षा इतकी पातळ असते की आपण दोन खातो आणि चार खाल्ल्याचं मागाहून कळतं. बरोबर भरल्या वांग्यांचं एण्णेगायी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. श्रीकांतचं म्हणणं असं की डासावर आरोप सिद्ध करणं फार अवघड असतं. चावला हाच, हे कोण सांगणार, साक्षीदार कुठं आहे. उषानं त्याला दही वाढलं आणि त्याच्या मागच्या मनीप्लांटच्या बाटलीतलं पाणी बदललं का, तेवढं विचारलं. वकिलानं पुढचं जेवण मुकाट्यानं केलं.

झोपण्यापूर्वी उषानं मला दोन वाक्यं पाठ करून दिली. 'ज्वर ऐतेन्री?' म्हणजे घरात ताप आहे का हो. आणि 'नीर तोरसरी', म्हणजे पाणी दाखवा. शेवटचा 'री' विसरायचा नाही, तो आपल्या 'हो' किंवा 'अहो'सारखा मानाचा आहे. तेवढा लावला की उत्तर कर्नाटकात कुठलंही दार उघडतं, असं ती म्हणाली.

कमरीपेठ

लॅमिंग्टन रोडवरून जीप आत वळली की हुबळी एकदम अरुंद होते. घराला घर चिकटलेलं, खाली धंदा आणि वर संसार. कुठं पितळेची भांडी ठोकताहेत, कुठं गाद्या पिंजताहेत. नळाला पाणी रोज येत नाही म्हणून घरात मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवलेलं. आमच्याकडं पाहुण्याला आधी पाणी देतात, इथं मी पाहुणी असून आधी पाणी बघत होते.

तिथल्या आशा कार्यकर्तीचं नाव गंगव्वा. चाळिशीची, गुलाबी साडी, हातात विजेरी आणि आवाज असा की बोळाच्या या टोकाला बोलली की त्या टोकाचं मांजर उठावं. तिला कन्नड आणि मराठी दोन्ही सारखंच येतं, आणि एका वाक्यात ती दोन्हीकडं जाऊन येते. ती दारात जाऊन हाक मारायची, मी माझं वाक्य म्हणायचे, घरातले लोक हसायचे आणि म्हणायचे, "इल्लरी." नाही हो. मग आम्ही पिंपात विजेरी मारायचो. पाण्यावर प्रकाश पडला की अळ्या अंग वळवत वळवत खाली पळतात. फळ्यावर मी त्यांना नेहमी स्थिर काढलं होतं. त्या एवढ्या लगबगीच्या असतील असं कधी वाटलं नव्हतं.

बोळाच्या मध्यावर मारुती नावाच्या शिंप्याचं घर होतं. त्याची बायको रेणुका उंबऱ्यात बसून ब्लाऊजला हूक लावत होती. सातवा महिना असावा. गंगव्वानं सांगितलं की हिचा कुबुसा आहे श्रावणात. कुबुसा म्हणजे डोहाळजेवण. त्यात नवी चोळी घालायची असते म्हणून नावच चोळीचं. ही हिरवी चोळी नवराच शिवतो आहे, कोपऱ्यावरच्या मंडप सजवणाऱ्या शेखरण्णानं तिला बसायला लग्नातलं हंसाचं सिंहासन फुकट देऊ केलं आहे, आणि त्यानंतर ती अळणावरजवळच्या माहेरी जाणार. हे सगळं ऐकताना रेणुका लाजून हुकाचा दोरा दातानं तोडत राहिली. मी पूर्ण मान देत विचारलं, "ज्वर ऐतेन्री?" तिला इतकं हसू आलं की पदर तोंडाशी न्यावा लागला. "इल्लरी अक्का," ती म्हणाली. तिच्या गालांवर लाली होती. ती मी गरोदरपणाच्या तेजात जमा केली.

सगळा बोळ संपला तरी ताप कुठंच नव्हता. दवाखान्यात मात्र याच बोळातले रोगी दाखल होते. मी उषाला म्हटलं, चला, बरं झालं, साथ गेली. बोळाच्या तोंडाशी शहाळीवाला होता, त्याच्याकडून तिनं शहाळं घेतलं आणि धंदा कसा चाललाय म्हणून विचारलं. तो खुशीत होता. पहिल्यांदाच असा आषाढ पाहतोय म्हणाला, गाडी संपते आणि पुन्हा भरून आणावी लागते.

"अक्का, अंगावर शाल घेण्याइतकी थंडी आहे," उषा मला म्हणाली. "असल्या पावसात शहाळी कोण पितं?"

मग तिनं समोरच्या परसातलं पपईचं झाड दाखवलं. त्याला एकही पान नव्हतं, नुसता दांडा उभा. डेंग्यूला पपईच्या पानांचा रस देतात अशी लोकांची समजूत. ताप नसलेल्या बोळानं आख्खं झाड ओरबाडलं होतं.

दुपारी उषा एका सावजी खानावळीत घेऊन गेली. तिथल्या मटणाच्या रश्शाचा रंग पाहूनच मी सावध व्हायला हवं होतं. पहिल्या घासाला घाम, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आणि तिसऱ्याला कान बंद. शेजारी बसलेल्या गंगव्वानं माझ्या कपाळाला हात लावला आणि गंभीर चेहऱ्यानं उषाला विचारलं, यांचं रक्त घ्यायचं का.

धारवाड

रविवारी श्रीकांतनं मला धारवाडला नेलं. हुबळी व्यापाऱ्यांची आणि धारवाड मास्तरांचं, असं तो म्हणाला. रस्ता चढत गेला तशी हवा गार झाली, कौलं दिसू लागली आणि माणसं हळू चालू लागली. आम्ही टपरीवर उभ्या उभ्या गिरमिट खाल्लं. चुरमुऱ्यांना कांद्या-चिंचेचा ओला मसाला चोळून वर फुटाण्याची पूड, आणि बरोबर हातभर लांब मिरचीची भजी. आपल्या भेळेला पोक्त बहीण असती तर ती अशी असती.

पेढ्यावरून आमचं भांडण झालं. मी साताऱ्याची. कंदी पेढ्याखेरीज पेढा असतो हे मला तत्त्वतः मान्य नाही. धारवाडचा पेढा तपकिरी, खरपूस, साखरेत घोळलेला. श्रीकांतनं दोन्ही बाजूंचा युक्तिवाद स्वतःच केला आणि निकाल धारवाडच्या बाजूनं दिला. मी एक खोका विकत घेतला, पण तो अपिलासाठी पुरावा म्हणून.

त्या दिवशी उषा मात्र बोळातच होती. तिनं आणि गंगव्वानं युक्ती केली. ताप आहे का, हे विचारायचंच नाही. 'शहाळं कोणासाठी नेलंत' एवढंच विचारायचं. त्यावर लोकांना खोटं सुचत नाही. संध्याकाळपर्यंत बऱ्याच घरांतून, दवाखान्यात नेतील या भीतीनं लपवलेली, पांघरुणाखालची माणसं निघाली, रक्ताचे नमुने गेले. मारुतीच्या घरी तो एकटाच भेटला. बायको झोपली आहे म्हणाला.

पुन्हा कमरीपेठ

सोमवारी कोडं निराळंच झालं. बोळातली सगळी पिंपं रिकामी करून घासलेली, हौदात गप्पी मासे सोडलेले, तरी पट्टेवाले डास होतेच. उषाचं म्हणणं असं की हा डास मोठा आळशी. जन्मला तिथंच आसपास चावतो, लांब उडत नाही. म्हणजे जन्मस्थान याच बोळात होतं आणि आम्ही ते पाहिलं नव्हतं.

न पाहिलेलं एकच राहिलं होतं, शेखरण्णाची गच्ची. खाली त्याचं गोदाम, वर घर आणि त्यावर ती. शेखरण्णा पन्नाशीचा, गोड बोलणारा, कपाळाला विभूती. लोखंडी जिन्याला कुलूप होतं. किल्ली कामगाराकडं आहे आणि कामगार गावाला गेलाय असं त्यानं सांगितलं, आणि आम्हाला असा सुरेख चहा पाजला की अविश्वास दाखवणं मला असभ्य वाटलं. उतरताना मी उषाला म्हटलंही, माणूस चांगला आहे. ती म्हणाली, चांगला आहेच की, पण किल्ली त्याच्याच खिशात आहे.

जबरदस्ती तिला करायची नव्हती. कुलूप तोडून एक गच्ची बघता येईल, पण मग पुढं सगळी दारं बंद होतील असं ती म्हणाली. आज ना उद्या तो स्वतःच उघडेल, याची ती वाट बघत होती.

तेवढा वेळ मिळाला नाही. मंगळवारी सकाळी गंगव्वाचा फोन आला. रेणुकाला रक्ताची उलटी झाली होती आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं होतं.

दवाखाना

उषाचा चेहरा त्या सकाळी पहिल्यांदा वयस्कर दिसला. रेणुकाच्या रक्तातल्या प्लेटलेट खूप उतरल्या होत्या. बाळाचे ठोके ठीक होते, पण पुढचे एक-दोन दिवस काहीही होऊ शकतं असं डॉक्टरांनी सांगितलं. मारुती बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याच्या खिशातून शिवणाची टेप लोंबत होती आणि ती आत घालायचं त्याला सुचत नव्हतं. ताप बऱ्याच दिवसांचा होता, त्यानं कबूल केलं. दवाखान्यात ठेवून घेतील आणि कुबुसा राहील, म्हणून तिनं सांगू दिलं नव्हतं.

मला आत सोडलं. हाताला सलाईन, ओठ सुकलेले. मी माझं पाठ केलेलं कन्नड जुळवू लागले. ती क्षीण हसली आणि स्वच्छ मराठीत बोलली.

"मला मराठी येतंय की ओ अक्का. आमच्या गावात घरी मराठीच बोलत्यात. तुम्ही कन्नडात इचारलासा, म्हणून मीबी कन्नडातच लबाड बोलले. मराठीत इचारला असता तर जमलं नसतं. ती आईची भाषा हाय."

मी तिच्या पायांशी बसून राहिले. आयुष्यभर मुलींच्या चेहऱ्यावरून गृहपाठ केला की नाही ते ओळखत आले होते. इथं मात्र समोर फणफणलेली बाई होती आणि मी तिला माझं व्याकरण दाखवत होते. मग मी तिला मराठीत विचारलं, काय हवंय. तिनं विचारलं, बाळ राहील का. मी म्हटलं, ठोके चांगले आहेत, मी आत्ताच विचारून आले. तिनं डोळे मिटले आणि माझा हात पोटावर ठेवून घेतला. आतून एक लाथ बसली. चांगली जोरकस होती.

गच्ची

तिथून उषा, गंगव्वा आणि मी थेट शेखरण्णाकडं गेलो. रेणुकाची बातमी त्याला कळली होती आणि तो काउंटरमागं बसला होता. दाराशी त्याची आई, सगळे तिला अव्वा म्हणायचे, पाय पसरून शेंगा सोलत होती. उषा बोलणं कसं सुरू करावं या विचारात उभी राहिली. मला वाटलं, वातावरण जरा सैल करावं. मी पिशवीतून साताऱ्याहून आणलेल्या कंदी पेढ्यांचा खोका काढला, वाकून अव्वापुढं धरला आणि झाकण उघडलं.

आत पेढे नव्हते. काचेच्या छोट्या बाटल्या होत्या आणि त्यांत अळ्या वळवळत होत्या. माझा एक खोका रिकामा झाल्यावर उषानं नमुने ठेवायला घेतला होता, कारण बाटल्या त्यात नेमक्या बसायच्या. मी सकाळच्या घाईत दुसरा म्हणून तोच उचलला होता.

शेखरण्णा उठून उभा राहिला. गंगव्वानं कपाळाला हात लावला. अव्वा मात्र जराही दचकली नाही. तिनं एक बाटली उचलली, उजेडात धरली आणि ओळखीचं माणूस भेटावं तशी खुलली.

"इवु नम्म हंसदागू अदाव," ती म्हणाली.

गंगव्वानं मला हळूच मराठीत सांगितलं, हे आमच्या हंसातपण आहेत म्हणतात. उषा अव्वाजवळ उकिडवी बसली आणि तिनं अतिशय प्रेमानं विचारलं की अव्वा, तुम्ही वर कधी गेला होता. अव्वा म्हणाली, रोज जाते की, तुळस आहे वर. घरातून जिना आहे ना.

शेखरण्णानं शर्टाच्या खिशातून किल्ली काढून उषाच्या हातात दिली. "सील ठोकाल म्हणून भ्यालो मॅडम," तो म्हणाला. "श्रावणात लग्नं लागतात. सगळं सामान बाहेर जायचं आहे. पण त्या पोरीला हंसात मीच बसवणार होतो."

मी गच्चीवर पोचले आणि क्षणभर डास, साथ, सगळं विसरले. पावसाच्या झिरमिरीत तिथं एक आख्खं इंद्राचं दरबारगृह भिजत उभं होतं. फायबरचे पांढरे हंस माना वळवून एका ओळीत, सोंडा उचललेले दोन हत्ती, गुलाबी कमळं, पिसारा फुलवलेला मोर. पहिल्याच मोठ्या पावसात गोदामात पाणी शिरलं म्हणून त्यानं सामान वर नेलं होतं. आषाढात लग्नं नसतात, त्यामुळे कोणी हात लावला नव्हता. ताडपत्री वाऱ्यानं केव्हाच शेजारच्या पत्र्यावर नेऊन टाकली होती. हंसाच्या पाठीत जिथं नवरा-नवरी बसतात ती जागा पोकळ, आणि तिथं काठोकाठ पाणी. उषानं विजेरी मारली. पाणी सगळं हललं. अळ्या, कोष आणि कडेला नुकतेच पंख वाळवत बसलेले पट्टेवाले. माझं फळ्यावरचं जीवनचक्र बाणांसकट तिथं चालू होतं.

पाणी ओतून भागणार नव्हतं. या डासाची अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटून बसतात आणि सुकली तरी महिनोन् महिने तग धरतात. तेच हंस तसेच हुबळीभरच्या मंगल कार्यालयांत गेले असते तर प्रत्येक लग्नाला आहेरात डास मिळाले असते. म्हणून सगळं घासायचं ठरलं. गंगव्वानं गच्चीच्या कठड्यावरून हाक दिली आणि बायका काथ्या, ब्रश आणि साबणाचा चुरा घेऊन वर आल्या. कोणी हत्तीच्या पाठीवर चढून त्याला आंघोळ घातली, कोणी मोराचे पाय घासले. श्रीकांत कोर्टातून परस्पर आला आणि काळ्या कोटाची बाही वर करून कमळाच्या पाकळ्यांत कोपरापर्यंत हात घालून बसला. साक्षीदार भेटला का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, आरोपी कबुलीजबाब देतोय, साक्षीदार कशाला.

शेवटी शेखरण्णा खालून ड्रिल घेऊन आला. सगळ्यात नवा, सोनेरी चोचीचा हंस त्यानं आडवा केला, थोडा वेळ त्याच्या पोटावर हात फिरवला आणि तळाशी भोक पाडलं, पाणी पुन्हा कधी साचू नये म्हणून. मग दुसऱ्याला पाडलं, मग तिसऱ्याला. पांढरा भुगा त्याच्या विभूतीवर उडत होता. खाली येऊन त्यानं आईला काय सांगितलं ते कळलं नाही, पण तिनं त्याच्या केसांतला भुगा झटकला.

आज हंस धुतले म्हणून उद्या ताप थांबणार नाही, हे उषानं सगळ्यांना बजावलं. उडालेले डास अजून घरांत आहेत आणि ज्यांना चावायचं त्यांना चावून झालंय. तसंच झालं. नवे रोगी निघत राहिले, घराघरात धूर मारला, बायकांनी आता तापाची बातमी आपणहून आणून दिली. मी परतीचं तिकीट पुढं ढकललं आणि गंगव्वाबरोबर बोळ फिरत राहिले, मराठीत.

रेणुकाच्या प्लेटलेट दोन दिवस खालीच होत्या. मग एका सकाळी मारुती दवाखान्याच्या जिन्यात भेटला. त्यानं टेप गुंडाळून नीट खिशात ठेवली होती. मला कळलं. हळूहळू बोळही शांत झाला. शहाळीवाल्यानं उषाकडं तक्रार केली की मॅडम, तुम्ही माझा धंदा बसवलात. उषानं त्याच्याकडून शहाळं घेतलं, थंडीनं कुडकुडत ते प्यायलं आणि नोट देऊन सुटे परत घेतले नाहीत.

श्रावण

कुबुसा श्रावणात झाला आणि मी त्याला थांबले. बोळात मांडव, दारात केळीचे खांब. शेखरण्णानं सोनेरी चोचीचा हंस चार माणसांकडून उचलून आणवला, पुसून लखलखीत केलेला. हिरवी साडी आणि नवऱ्यानं शिवलेली हिरवी चोळी घालून रेणुका बाहेर आली. चेहरा अजून उतरलेला, पण चालणं ठीक. तिनं हंसाकडं एकदा पाहिलं, हात जोडले आणि पाटावर जाऊन बसली.

शेखरण्णा ओशाळून उभा राहिला. मग अव्वा उठली, लुगड्याचा काठ गोळा करून हंसात चढली आणि मांडी घालून अशी बसली की जणू तिच्यासाठीच आणला होता. बायकांना हसू आवरेना. ओटी रेणुकाची भरली, पण ओवाळणीचं तबक हंसाकडंही गेलं. अव्वानं आपल्याला फोटोत नीट घ्या म्हणून मारुतीला दटावलं, आणि शेंगांची पोळी हंसातच बसून खाल्ली. शेंगांची पोळी म्हणजे आपल्या गुळाच्या पोळीची शेंगदाण्यांची जाऊ. मी किती खाल्ल्या ते उषानं मोजलं, मी नाही.

जेवणं चालू असतानाच पाऊस आला. आमच्याकडं असं झालं की लोक आधी ताटं उचलतात. इथं पंगतीतून बायका उठल्या आणि कोणी न सांगता बोळात पांगल्या. बादल्या पालथ्या, घागरी पालथ्या, कुंड्यांच्या बशा पालथ्या. हंसाला भोक आहे, असं शेखरण्णा ओरडून सांगत होता, तरी त्यांनी अव्वाला उतरवून हंसही आडवा केला. पोळ्या भिजल्या. रेणुका पाटावरून सगळं बघत होती आणि पोट धरून हसत होती.

पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो. उंबऱ्याबाहेर पाहुण्यांच्या चपला ओळीनं मांडलेल्या होत्या, आणि कोणीतरी बादल्यांबरोबर त्याही सगळ्याच्या सगळ्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या. घरात चप्पल उलटी पडली की भांडण होतं, असं आमच्याकडं मानतात. तसंच तिथंही मानतात, गंगव्वानं मला सांगितलं. आम्ही सगळ्याजणी वाकून आपापली जोडी सरळ करत होतो, एकमेकींच्या खांद्याचा आधार घेऊन.